पॅलेस्टाईनमधल्या साध्या माणसांसाठी इथे गोव्यात बसून रोज काय करता येईल?

हरमलकरीण

नमस्कार. हरमलहून लिहिते आहे. घराच्या मागच्या अंगाला आमच्या भाड्याच्या खोल्या आहेत. नवरा जहाजावर असतो, त्यामुळे सीझनचं सगळं मी आणि सासूबाई मिळून बघतो. मुलगी यंदा बारावीला आहे.

हा धागा राजकारणावर वाद घालायला काढलेला नाही. गाझातल्या बायका-पोरांसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी, तिथल्या डॉक्टर-मास्तरांसाठी आपल्यासारख्यांनी रोजची कामं सांभाळून काय करावं, हे मला मनापासून विचारायचं आहे.

माझी अडचण जरा वेगळी आहे, म्हणून सविस्तर सांगते. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याचा सी-फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, हे इथल्या खोलीवाल्यांना ठाऊकच आहे. तो भरताना पासपोर्ट हातात येतो. आमच्याकडे इस्रायलची मुलं बरीच येतात. तिथे सैन्यातली नोकरी सक्तीची असते. ती संपली की ही मुलं हरमल, हणजुणे करत महिना-दोन महिने राहतात आणि पुढे हंपीला नाहीतर मनालीला जातात. मी जन्मतारीख टाइप करते आणि साल असतं २००३, २००४. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी पोरं.

गाझातली जवळजवळ निम्मी माणसं अठरा वर्षांच्या आतली आहेत. तिथे बारावीच्या तोडीची तौजिही नावाची परीक्षा असते. २०२४ साली गाझातल्या मुलांना ती देताच आली नाही, कारण शाळांमध्ये बेघर झालेली कुटुंबं राहत होती आणि त्या शाळांवरही बॉम्ब पडत होते. हे वाचल्यापासून मुलगी अभ्यासाला बसली की माझं मन तिकडे जातं.

मला आकडे नीट लावून बघायची सवय आहे. गाझा पट्टी ३६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याचा साधारण दहावा भाग. लांबी ४१ किलोमीटर. पणजीहून निघून मडगाव ओलांडून थोडं पुढे गेलं की संपली. आणि तेवढ्या पट्टीत २१ लाखांच्या आसपास लोक. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्यात १४ लाख ५८ हजार होते. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने केलेल्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. ते भयंकरच होतं. त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीप्रमाणे, दोन वर्षांत ६७ हजारांहून जास्त माणसं गेली. २२ ऑगस्ट २०२५ ला गाझा शहर आणि भोवतालच्या भागात दुष्काळ असल्याचं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी अधिकृतपणे जाहीर केलं. धान्याचे ट्रक सीमेपलीकडे उभे असताना पडलेला दुष्काळ. १० ऑक्टोबर २०२५ ला शस्त्रसंधी झाली, तरी त्यानंतरही माणसं मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. आपला संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. मे महिना लागला की आम्ही घराच्या झडीच्या बाजूला प्लास्टिक बांधून घेतो. कोपऱ्याला दोरी सैल राहिली तर रात्रभर भिंत भिजते. तिथे नुसत्या प्लास्टिकखालीच लाखो लोक दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात राहत आहेत, भिंत नाहीच.

आता पाहुण्यांचं. मागच्या सीझनला एक मुलगी आमच्याकडे राहायला होती. संध्याकाळी सोप्यावर बसून माझी लेक मोबाइलवर गाझातल्या शाळांचं काहीतरी बघत होती. ती मुलगी चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसली. स्क्रीनकडे नजर गेली, कप खाली ठेवला आणि बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, तिचा शाळेतला मित्र ७ ऑक्टोबरला मारला गेला. आणि तेल अवीवला असते तेव्हा दर शनिवारी ती ओलिसांच्या घरच्यांबरोबर रस्त्यावर उभी राहते, युद्ध थांबवा म्हणून. लेकीने विचारलं, गाझातल्या मुलांबद्दल तुमच्याकडे दाखवतात का? ती म्हणाली, टीव्हीवर फार कमी. त्यांचं बोलणं पुढे जेवायची वेळ होईपर्यंत चाललं. मी आत नारळ खवत ऐकत होते.

सगळे पाहुणे तसे नसतात. काहींनी फोनवर जे व्हिडिओ दाखवले, त्यानंतर त्यांच्या खोलीत चादर बदलायला जाताना माझे पाय जड झाले.

शेजारची एक बाई म्हणते, खोल्या देऊच नकोस त्यांना. दुसरी म्हणते, धंदा कर आणि गप्प बस. मला दोन्ही पटत नाही. मला काहीतरी असं हवं आहे जे महिनोन्महिने करता येईल. पैसे पाठवायचे तर कुणाला, कसे? आपण कुणाला लिहिलं तर उपयोग होतो? घरात, गावात काय करावं? नुसते फोटो फॉरवर्ड करायचा मला वीट आला आहे. ज्यांनी स्वतः काही केलं असेल त्यांनी लिहा.

निवृत्त म्हापसेकर

ताई, पैशांपुरतं मी सांगतो. बँकेत नोकरी झाली, शेवटची काही वर्षं परदेशी चलनाच्या टेबलावरच बसत होतो. आम्ही नवरा-बायको दर महिन्याला पाठवतो, त्यामुळे हे अनुभवाचं आहे.

पहिलं म्हणजे घाबरू नका. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशातल्या मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेला देणगी देणं कायद्यात बसतं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, आपण त्याच्या जवळपासही जात नाही. बँकेतून वायर करायची तर पॅन आणि ए-२ नावाचा फॉर्म लागतो. त्यात कारणाच्या रकान्यात परदेशी धर्मादाय संस्थेला देणगी असा पर्याय असतो, तो निवडायचा. पण दोन-तीन हजार रुपयांसाठी वायर करू नका, चार्जेसमध्येच बरीचशी रक्कम जाते. छोट्या रकमेला कार्ड बरं.

कार्डाचं असं आहे. आपल्या बहुतेक कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करायचे, वरची मर्यादा तुमच्या रकमेएवढीच ठेवायची, देणगी द्यायची आणि लगेच पुन्हा बंद करायचं. हे बंद करणं विसरू नका. परदेशी वेबसाइटवर पुष्कळदा ओटीपी मागतच नाहीत, पैसे सरळ कापले जातात. यूपीआय तिथे चालत नाही.

कुणाला द्यायचे? आम्ही उनर्वाला देतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी डिसेंबर १९४९ मध्ये स्थापलेली ही संस्था. गाझातल्या शाळा, दवाखाने, रेशन यांचा मोठा भार तिच्यावर होता. युद्धात तिचे ३०० हून जास्त कर्मचारी मारले गेले. इस्रायलच्या संसदेने तिच्यावर बंदी घालणारे कायदे केले, ते जानेवारी २०२५ अखेरपासून लागू झाले, तरी तिचे स्थानिक पॅलेस्टिनी डॉक्टर आणि शिक्षक काम करतच राहिले. तिच्याविषयी मन साशंक असेल तर जागतिक अन्न कार्यक्रम आहे, युनिसेफ आहे, पॅलेस्टाईन रेड क्रिसेंट आहे, मुलांच्या उपचारांसाठी पॅलेस्टाईन चिल्ड्रन्स रिलीफ फंड आहे. वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कधीही देऊ नका.

एकेका कुटुंबाच्या नावाने इंटरनेटवर ज्या मागण्या फिरतात, त्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात. पण पडताळायचं कसं? मोठ्या वर्गणीच्या साइट गाझातल्या खात्यात थेट पैसे टाकत नाहीत. ते आधी युरोप-अमेरिकेतल्या कुणा ओळखीच्याच्या खात्यात जातात. शिवाय २०२५ मध्ये गाझात नोटाच मिळेनाशा झाल्या, तेव्हा खात्यातले पैसे रोख हातात यायला ४० टक्क्यांपर्यंत कमिशन कापलं जात होतं. दिलेल्या शंभरातले साठ पोचले. तुमच्या ओळखीत खात्रीचं कुणी असेल तर द्या, नाहीतर संस्थेलाच द्या.

आयकरात सूट मिळणार नाही, ८०जी इथल्या संस्थांना असते. आणि रक्कम लहान असली तरी ठरावीक ठेवा. पेन्शन जमा झाली की आमचे दूधवाला, वीजबिल आणि हे, एकाच दिवशी जातात. बातम्यांत गाझा असो वा नसो.

मोपा पठार

राग मानू नका, पण कुणीतरी हे बोलायला हवं. पेडणे तालुक्यात आपले डोंगर कापले जात आहेत. विमानतळासाठी ज्यांच्या काजूच्या बागा गेल्या, त्यांची घरं मी रोज बघतो. म्हादईचं पाणी वळवण्याचा वाद सुटलेला नाही. ग्रामसभेला बोलावलं तर वीस टाळकी जमत नाहीत. अशा वेळी चार-पाच हजार किलोमीटरवरच्या भांडणासाठी आपण जीव टाकायचा? तिथे आपलं कोण आहे? आपल्या हाताला जे लागतं ते आधी करावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तोर्से गावचा

मोपाकर, ग्रामसभेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. मी आमच्या गावच्या प्रत्येक ग्रामसभेला असतो, तुम्ही तिथे मला बघितलंही असेल.

पण "आपलं कोण आहे" हा प्रश्न पेडणे तालुक्यात विचारू नये. माझं घर पत्रादेवीपासून लांब नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे बांद्याच्या बाजूने निःशस्त्र सत्याग्रही चालत आले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. गोव्याच्या वेगवेगळ्या सीमांवर त्या एका दिवसात वीसहून जास्त माणसं मेली. त्यात कोण होते? करनैल सिंग हा पंजाबातला तरुण. त्याचं गाव लुधियाना जिल्ह्यातलं इसडू. त्याची गोव्यात शेती नव्हती, नातं नव्हतं, त्याला इथली भाषा येत नव्हती. आजोबा सांगायचे, जखमींना उचलून परत बांद्याकडे नेताना चिखलात पाय रुतत होते आणि लोक त्यांना पाणी पाजायला धावत होते. ज्या गावाच्या वेशीवर परक्या माणसांनी आपल्यासाठी रक्त सांडलं, तिथे राहून मी लांबच्या माणसाकडे पाठ फिरवू शकत नाही.

आणि लांब म्हणता तर कर्नल वैभव काळे आठवा. लष्करातून निवृत्त होऊन पुण्यात राहणारा आपला मराठी माणूस. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात रुजू झाले आणि १३ मे २०२४ ला रफाहमध्ये, संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह असलेल्या गाडीतून रुग्णालयाकडे जात असताना त्या गाडीवर हल्ला होऊन गेले. त्यांना शेवटचा निरोप पुण्यात दिला.

दोन्ही करूया ना. रविवारी ग्रामसभा, आणि महिन्याला म्हापसेकर काका म्हणतात तसं कार्ड. एकामुळे दुसरं अडत नाही.

उभं राहायचं असेल तर पणजीचं आझाद मैदान, मडगावचं लोहिया मैदान आहेच. पण अर्ज आधी द्या, लेखी परवानगी घ्या आणि पोच जपून ठेवा. मुंबईत गाझासाठीच्या निदर्शनाला पोलिसांनी नाही म्हटलं. २५ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानेही डाव्या पक्षाचा अर्ज फेटाळला आणि आधी आपल्या देशाचे प्रश्न बघा असं सुनावलं. पुढच्या महिन्यात नव्याने अर्ज केल्यावर परवानगी मिळाली आणि २० ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानात लोक उभे राहिले. एका नकारावर गुंडाळायचं नाही.

डिचोली वाचनालय

हरमलताई, तुमच्या सोप्यावरचं वाचून खूप वेळ तशीच बसून राहिले. मी आमच्या गावच्या वाचनालयात बायकांचा वाचनगट चालवते. गेल्या वर्षी आम्ही ठरवलं की महिन्याला एक बैठक पॅलेस्टाईनची. सुरुवातीला बहुतेकींना गाझा आणि वेस्ट बँक हे दोन वेगळे प्रदेश आहेत हेही माहीत नव्हतं. नकाशा भिंतीवर लावला आणि तिथून सुरुवात केली. १९४८ मध्ये सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी लोकांना घरदार सोडावं लागलं. गाझात आज राहणाऱ्यांतले बहुसंख्य त्याच निर्वासितांची मुलं-नातवंडं. हे कळल्यावर एक आजी म्हणाल्या, म्हणजे ही माणसं दुसऱ्यांदा बेघर झाली. त्या आजी धरणात गाव गेलेल्या.

मी संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कार्यालयाचे अहवाल वाचून त्यातलं मुख्य दहा-बारा ओळींत मराठीत लिहिते आणि गटावर टाकते. इंग्रजी येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावासाठी एवढं करावं. मराठीत या विषयावर आरडाओरडा भरपूर आहे, साधी माहिती फार थोडी. माझे नियम ठरलेले आहेत. तारीख आणि कुणी सांगितलं हे लिहिल्याशिवाय काही टाकायचं नाही. मेलेल्या मुलांचे फोटो टाकायचे नाहीत, ती कुणाची तरी मुलं आहेत. यंत्राने बनवलेली चित्रं तर अजिबात नाहीत. एक खोटं चित्र सापडलं की दहा खऱ्या बातम्या लोक खोट्या ठरवतात.

आणखी एक नियम आहे, तो तुमच्या पाहुण्यांशी जुळतो. गटावर कुणी ज्यूंना शिव्या घातल्या किंवा मुसलमानांना, तर मी तो संदेश काढते आणि त्या व्यक्तीला फोन करते. फोनच करते, लिहून भांडण वाढतं. आपल्या कोकणात, अलिबागच्या पट्ट्यात, बेने इस्रायली शेकडो वर्षं तेल गाळत आणि मराठी बोलत राहिले. त्यांच्यातले बरेच इस्रायलला गेले, त्यांच्या घरांत मराठी अजून आहे. एका सरकारने केलेल्या गोष्टींसाठी धर्माला धरायचं तर उद्या कुणीही आपल्यालाही धरेल.

इस्रायलमध्येही माणसं उभी आहेत, हे आपल्याकडे पोचतच नाही. बेत्सेलेम ही तिथली मानवाधिकार संस्था १९८९ पासून काम करते. जुलै २०२५ मध्ये तिने आपल्याच सरकारवर वंशसंहाराचा आरोप करणारा अहवाल काढला. स्टँडिंग टुगेदर या ज्यू-अरब संघटनेचे तरुण २०२४ मध्ये गाझाकडे जाणाऱ्या मदतीच्या ट्रकांची नासधूस होऊ नये म्हणून रस्त्यावर पहारा देत होते. तुमची ती पाहुणी पुन्हा आली तर तिला यांच्याबद्दल विचारा. ती कदाचित त्यांच्यातलीच असेल.

खोल्या बंद करू नका असं माझं मत. पण त्या व्हिडिओंच्या बाबतीत नियम लावा. तुमचं घर आहे. इथे लहान मुलं आणि म्हातारी माणसं राहतात, युद्धातले व्हिडिओ इथे दाखवायचे नाहीत, असं दारावर इंग्रजीत लिहा, म्हणजे सगळ्यांना सारखं लागू.

मडगावहून

माझी शेजारीण कॅथलिक आहे. गाझात एकच कॅथलिक चर्च आहे, होली फॅमिली नावाचं. युद्ध सुरू झाल्यापासून शेकडो माणसं, त्यात अपंग मुलंही, त्या आवारात आसऱ्याला होती. पोप फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये गेले, तोपर्यंत ते जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करून विचारपूस करायचे. रुग्णालयात असतानाही करत होते. १७ जुलै २०२५ ला त्या चर्चवर तोफगोळा पडून तीन माणसं गेली, तेव्हा शेजारीण माझ्या दारात येऊन रडली. तेव्हापासून त्यांच्या वाड्यावरच्या कोपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, तेर्सानंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) गाझासाठी एक प्रार्थना म्हणतात. मी हिंदू, पण जाऊन मागे उभी राहते. रोजचं असं हेच माझं.

आता आम्हा दोघींच्या मनात आहे की फेस्ताला स्टॉल लावून दोदोल, बेबिंका, नेवऱ्या विकायच्या आणि लोकांकडून वर्गणीही घ्यायची, जमेल ते माझ्या खात्यातून पाठवायचं. म्हापसेकर काका, हे चालेल का?

निवृत्त म्हापसेकर

बाय, विचार फार चांगला, पण वर्गणी गोळा करून तुमच्या खात्यातून पाठवू नका. त्या योजनेत स्वतःचे पैसे पाठवायची मुभा आहे, दहा जणांचे एकत्र करून नाही. उद्या कुणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. तुम्ही बनवलेल्या दोदोलाची विक्री ही तुमची कमाई, हिशोबाची वही ठेवा आणि त्यातून प्रत्येकीने आपापल्या नावाने द्या. ज्यांना नुसतं द्यायचं आहे, त्यांना तिथेच बसून आपापल्या फोनवरून कसं द्यायचं ते दाखवा. मी येतो हवं तर. म्हाताऱ्या लोकांना ते कार्ड चालू-बंद करणं जमत नाही, तिथे एक माणूस लागतोच.

मोपा पठार

तोर्सेकर, पत्रादेवीचं पटलं. करनैल सिंगाचं स्मारक लहानपणापासून बघत आलो आहे. तरी माझा वेळ मी डोंगराला देणार, तिथे माणसं कमी आहेत. पण पत्र लिहिणार असाल तर माझी सही घ्या.

हरमलकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण मधल्या काळात एकेक करून बघत होते.

कार्डाचं जमलं. लेकीने ॲपमध्ये दाखवलं, आम्ही उनर्वाला दिले आणि लगेच बंद केलं. सासूबाई शेजारी बसून होत्या. त्यांनी विचारलं, पैशाचं तिथे काय होतं? मी म्हटलं पीठ, औषध, तंबू. त्या आत गेल्या आणि काजूच्या बियांचे आलेले पैसे घेऊन आल्या. त्यांचं कार्ड नाही, तेव्हा त्यांनी ते मला बक्षीस दिले असं धरून मी माझ्या नावाने पाठवले. काका, हे चालतं ना ते सांगा. नसेल चालत तर पुढच्या वेळी त्यांच्या खात्याचं कार्ड काढून घेते.

खोल्यांच्या दारावर इंग्रजीत चिठ्ठी लावली. एका मुलाने वाचली आणि विचारायला आला. मी त्याला सरळ सांगितलं, तू पाहुणा आहेस, तुझ्या जेवणाखाण्यात काही कमी होणार नाही, पण गाझातली मुलंही मला तुझ्याएवढीच वाटतात. तो म्हणाला, त्याला त्या विषयावर बोलायचं नाही. ठीक आहे म्हटलं. राहिला तो, ठरल्याप्रमाणे दिवस काढून गेला. जाताना सासूबाईंच्या पाया पडला, हे इथे कुणाकडून शिकला कोण जाणे.

डिचोलीच्या ताई, तुमच्या दहा-बारा ओळी मला पाठवाल का? आमच्या महिला मंडळात हळदीकुंकवाला वाचून दाखवीन. संक्रांतीला सगळ्या जणी येतात, त्याहून जास्त माणसं मला एका जागी मिळणार नाहीत.

पत्र मी लिहून काढलं आहे. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक खासदार, तिघांनाही जाईल. वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रांसाठी यातलंच छोटं करून पाठवते. मजकूर असा:

"माननीय खासदार महोदय, सप्रेम नमस्कार. भारताने १८ नोव्हेंबर १९८८ रोजी पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या वायुदलाच्या विमानाने सुमारे साडेसहा टन औषधं आणि ३२ टन मदतीचं साहित्य इजिप्तमधल्या अल-अरिशला पोचवलं. उनर्वाला भारत गेली काही वर्षं दरसाल ५० लाख डॉलर देत आला आहे. या गोष्टींचा आम्हाला अभिमान आहे. मात्र १२ जून २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, याचं दुःख वाटलं. १२ सप्टेंबर २०२५ रोजी दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या बाजूने भारताने मत दिलं, ते योग्य झालं. आपण संसदेत पुढील गोष्टी मांडाव्यात ही विनंती. उनर्वाची मदत चालू राहावी आणि वाढावी. हिवाळ्यासाठी तंबू, ब्लँकेट आणि औषधं घेऊन पुन्हा विमान जावं. युद्धामुळे ज्यांचं शिक्षण थांबलं अशा गाझातल्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीच्या जागा वाढवाव्यात. नागरिकांवर होणारे हल्ले, मग ते कुणीही केलेले असोत, त्यांचा भारताने स्पष्ट शब्दांत निषेध करावा. आपले, पेडणे तालुक्यातील मतदार."

शिष्यवृत्तीची ओळ लेकीने घातली आहे, ती काढायची नाही असं तिने बजावलं आहे.

मोपाकर, तुमची सही घ्यायला रविवारी ग्रामसभेलाच येते, कागद बरोबर आणीन. तोर्सेकर, तुमच्या वाड्यावरच्या सह्या तुम्ही गोळा करा. मंगळवारी पेडण्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने टाकणार आहे. दक्षिणेकडच्या मंडळींनी हाच मजकूर घ्या, शेवटच्या ओळीत तालुक्याचं नाव तेवढं बदला.